परक्या अंगणातले खेळ

इतिहास म्हटला की लढाया, तह आणि वंशावळी एवढेच आपल्या डोळ्यांपुढे येते. खेळांनाही इतिहास असतो, आणि त्यातही बंडे, तह, भाऊबंदकी व चिकाटी हे सारे असते, हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. घरोघरी मुले संगणकावर खेळतात, वडीलमंडळी कपाळाला आठ्या घालतात, आणि त्यातल्या काही खेळांमागे तीस-बत्तीस वर्षांची एक विलक्षण खटपट उभी आहे याची दोघांनाही गंधवार्ता नसते. विंडोज नावाच्या घरासाठी लिहिलेले खेळ लिनक्स नावाच्या अगदी निराळ्या घरात खेळता यावेत, एवढ्यासाठी ही खटपट झाली. वरवर पाहता हा पोरखेळच. परंतु मी जसजसा त्यात शिरलो, तसतसे मला दिसू लागले की यामागचा तंटा फार जुन्या जातीचा आहे. आपण पैसे मोजून घेतलेली वस्तू कोणाच्या अंगणात वापरायची, हे ठरवायचे कोणी?

आधी घराची ओळख करून द्यायला हवी. संगणक हे यंत्र आपल्या ठिकाणी मुकाट असते. त्यावर एक कारभारी बसवावा लागतो. त्यालाच ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. पडद्यावर चित्र काढायचे, फाइल उघडायची, आवाज करायचा, प्रत्येक कामासाठी खेळाला या कारभाऱ्याकडे अर्ज करावा लागतो. विंडोज हा मायक्रोसॉफ्ट कंपनीचा कारभारी, त्याच्या चोपड्या कुलूपबंद. लिनक्स हा दुसरा. त्याच्या चोपड्या चावडीवर उघड्या टाकलेल्या, कोणीही वाचाव्या, कोणीही सुधाराव्या.

या दुसऱ्या कारभाऱ्याचा जन्मही एका खेळाच्या सावलीत झाला, ही मोठी गमतीची गोष्ट आहे. १९९१ च्या जानेवारीत हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने नवा संगणक घेतला. त्याला त्यावर मिनिक्स नावाची शिकाऊ प्रणाली चालवायची होती, पण तिच्या फ्लॉप्या यायला वेळ लागला. आणि तोवर हे महाशय मायक्रोसॉफ्टच्याच डॉसवर ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ खेळत बसले! त्याच वर्षी २५ ऑगस्टला त्याने जगाला कळवले की आपण एक प्रणाली लिहीत आहोत, केवळ छंद म्हणून. त्या छंदाचे पुढे लिनक्स झाले.

लिनक्स आले, पण खेळ कुठून येणार? ज्याच्या घरी माणसांची वर्दळ, त्याच्याच दारात फुगेवाला उभा राहतो. वर्दळ विंडोजच्या दारात होती. एखाददुसरा अपवाद होता. ‘डूम’ हा त्या वेळचा गाजलेला खेळ आयडी सॉफ्टवेअरच्या डेव्ह टेलर यांनी १९९४ साली लिनक्सवर आणला, पण तो जवळजवळ हौसेने. तेव्हा काही जणांच्या डोक्यात एक उलटा विचार आला. खेळ आपल्याकडे येत नसेल, तर आपणच आपल्या घरात विंडोजचा भास का उभा करू नये? सन कंपनीने १९९३ साली आपल्या यंत्रांसाठी वाबी नावाचे तसे काहीसे साधन काढलेच होते. त्याच वर्षी बॉब ॲमस्टॅट आणि एरिक यंगडेल यांनी लिनक्ससाठी ते काम आरंभले, आणि १९९४ मध्ये त्याची धुरा अलेक्झांडर जूलियार यांच्याकडे आली. ती त्यांनी अद्याप खाली ठेवलेली नाही.

या साधनाचे नाव वाइन. सोवळ्या वाचकांनी दचकू नये; बाटलीशी याचा काही संबंध नाही. ‘विंडोजची नक्कल करणारा’ अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांचा तो संक्षेप होता. पुढे त्याच अक्षरांचा नेमका उलटा अर्थ लावण्यात आला, तो असा की ‘वाइन ही नक्कल नव्हे’. हा नुसता शब्दांचा खेळ नाही. नक्कल करायची म्हणजे एका यंत्राच्या पोटात दुसरे खोटे यंत्र बसवायचे आणि प्रत्येक हालचाल दोनदा करायची. त्यात वेळ फार जातो. वाइनचे तसे नाही. विंडोज आणि लिनक्स दोन्ही एकाच जातीच्या यंत्रावर चालतात, त्यामुळे खेळातली बेरीज-वजाबाकी जशीच्या तशी होते. अडते ते फक्त कारभाऱ्याशी बोलण्यापाशी. आपला देशावरचा माणूस तामिळनाडूत गेला तर चालताना किंवा जेवताना त्याला कोणाची मदत लागत नाही. दुकानात काही मागायचे झाले की मात्र दुभाष्या लागतो. वाइन हा तसा दुभाष्या आहे. खेळ विंडोजच्या भाषेत मागणी करतो, वाइन ती लिनक्सच्या भाषेत सांगते, आणि उत्तर परत विंडोजच्या भाषेत नेऊन देते. खेळाला विंडोजची ‘सी ड्राइव्ह’ हवी असते, म्हणून वापरणाऱ्याच्या घरातच त्या नावाचा एक कप्पा करून ठेवलेला असतो. रंगमंचावर राजवाड्याचा पडदा सोडावा तसा! नट पडद्याला टेकला नाही म्हणजे झाले.

पण हा दुभाष्या तयार कसा व्हावा? विंडोजच्या चोपड्या तर कुलपात. त्या चोरून पाहणेही वर्ज्य. कारण ज्याने मायक्रोसॉफ्टचा मूळ मजकूर पाहिला, त्याचे लिखाण वाइनमध्ये घ्यायचे नाही असा या मंडळींचा कडक दंडक आहे. मग उरतो एकच मार्ग. खऱ्या विंडोजला बाहेरून प्रश्न विचारायचा, मिळालेले उत्तर टिपून घ्यायचे, आणि आपल्या दुभाष्याकडून नेमके तेच उत्तर येईपर्यंत घासत बसायचे. असे हजारो प्रश्न. त्यातही कहर असा की विंडोजच्या चुकासुद्धा चुकांसकट उतरवाव्या लागतात; कारण कित्येक खेळ नकळत त्या चुकांवरच उभे असतात, आणि चूक दुरुस्त केली की खेळ कोसळतो. मी चार कादंबऱ्या लिहिलेला माणूस आहे. भाषांतराचे जाच ऐकून आहे. पण मूळ लेखकाचे व्याकरणदोषदेखील इमानाने भाषांतरात आणा, असे कोणा भाषांतरकाराला सांगितले तर तो लेखणी फेकून देईल.

इकडे विंडोजच्या घरातही सारे आलबेल नव्हते. १९९४ च्या नाताळातली एक हकिकत प्रसिद्ध आहे. डिस्नेच्या ‘लायन किंग’ चित्रपटावरून केलेली एक खेळ-गोष्ट त्या सुमारास विंडोजसाठी बाजारात आली. सणाच्या सकाळी मुलांनी नवा संगणक उघडून ती लावली, आणि पुष्कळ घरांत ती चालेचना. चित्रे दाखवण्याची विंडोजची जी सोय होती तिचा नव्या यंत्रांशी मेळ बसला नव्हता. आपल्याकडे ऐन लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मुलांचे सारे फटाके सादळलेले निघावेत तशी ही गत. ॲलेक्स सेंट जॉन, क्रेग आइस्लर आणि एरिक एंगस्ट्रॉम या मायक्रोसॉफ्टमधल्या तिघांनी खेळांसाठी नवी वाट बांधली, ती १९९५ साली बाहेर पडली. तिचे नाव डायरेक्टएक्स. खेळ लिहिणाऱ्यांना ती इतकी मानवली की पुढल्या काही वर्षांत संगणकावरचे बहुतेक मोठे खेळ तिच्याच भाषेत बोलू लागले. म्हणजे वाइनच्या दुभाष्याला एक भाषा जेमतेम येऊ लागली होती, तोच समोर दुसरी येऊन उभी राहिली. आणि तिचे व्याकरण दर दोन-तीन वर्षांनी बदलणारे.

दुभाष्या नकोच, खेळच लिनक्सच्या भाषेत पुन्हा लिहू, असे म्हणणारेही निघाले. पूर्वाश्रमीचे वकील स्कॉट ड्रेकर यांनी १९९८ साली कॅलिफोर्नियात लोकी नावाची कंपनी काढली. मोठमोठ्या खेळांचे हक्क घ्यायचे, ते लिनक्सवर आणायचे आणि रीतसर विकायचे, असा सरळ व्यवहार. १९९९ मध्ये त्यांचा ‘सिव्हिलायझेशन : कॉल टु पॉवर’ हा पहिला खेळ आला, मागून बरेच आले. काम चोख होते, पण गिऱ्हाईक थोडे. आणि जे होते त्यांतल्या पुष्कळांनी तोच खेळ विंडोजवर आधीच घेतलेला. २००१ मध्ये दिवाळे वाजले आणि २००२ च्या जानेवारीत दुकानाला टाळे लागले. मला या लोकीविषयी फार वाटते. धंदा बुडाला, पण तेथला सॅम लँटिंगा याने लिहिलेले एसडीएल नावाचे साधन उरले. आज जगातले असंख्य खेळ त्याच्या आधाराने चालतात. विहीर खणणारा तहानलेला गेला आणि पाणी गावाला लागले.

भाऊबंदकी म्हटली ती याच वर्षातली. वाइनचा परवाना तोपर्यंत इतका सैल होता की कोणीही ती घ्यावी, तीत सुधारणा करावी आणि त्या सुधारणा स्वतःच्या पेटीत ठेवून विकाव्या. ट्रान्सगेमिंग नावाच्या कॅनडातल्या कंपनीने हेच केले. डायरेक्टएक्सचे दुभाषेपण तिने पुष्कळ सुधारले, आणि महिन्याची वर्गणी घेऊन ते खेळणाऱ्यांना दिले. पण सुधारलेला सगळा मजकूर मूळ घराकडे परत आला नाही. तेव्हा २००२ च्या मार्चमध्ये वाइनच्या कर्त्यांनी परवानाच बदलला. घ्या, विका, पण जे सुधाराल ते चावडीवर आणा. ट्रान्सगेमिंग वेगळी झाली, जुन्याच मजकुरावर पुढे चालत राहिली; तिचे ते साधन २०११ पर्यंत तगले आणि संपले. मूळ घराच्या बाजूने उभी राहिली ती कोडवीव्हर्स ही अमेरिकेतली छोटी कंपनी. तिने जूलियार यांना पगार दिला आणि केलेले काम उघड्यावर ठेवले. कोणाचे बरोबर? पोटाला लागते हे ट्रान्सगेमिंगचे म्हणणे खोटे नव्हते. तथापि, दहाजणांनी लावलेल्या झाडाचा आंबा एकट्याने आढीत घालणे मला काही पटत नाही.

मायक्रोसॉफ्टलाही या उद्योगाचा सुगावा लागलाच होता. २००५ च्या फेब्रुवारीत उघडकीस आले की खऱ्या-खोट्या विंडोजची पारख करणारी तिची तपासणी वाइनची खूण खास शोधते आहे. वाइनवाल्यांना राग आला, पण आतून ते हरखलेही असावेत. बारा वर्षे ज्याच्या दारापुढून आपण जातो, त्याने निदान नाव तरी घेतले!

वाइनची १.० ही आवृत्ती १७ जून २००८ रोजी निघाली. आरंभापासून पंधरा वर्षांनी. एवढ्या काळात घरात मूल जन्मून मॅट्रिकच्या उंबरठ्याशी येते.

तरी खेळांच्या बाबतीत अजून रडकथाच होती. एखादा खेळ चाले, पण अक्षरे गायब. दुसरा चाले, पण मुंगीच्या पावलांनी. वाइनच्या यादीत प्रत्येक खेळापुढे सोने, चांदी, कांसे आणि शेवटी चक्क ‘कचरा’ असा शेरा लिहिलेला असे. शाळेच्या प्रगतिपुस्तकातही आम्ही इतके स्पष्ट लिहीत नाही.

यापुढचे वळण मात्र व्यापारातून आले. गेब न्यूएल हे मायक्रोसॉफ्टमध्ये तेरा वर्षे काढून बाहेर पडलेले गृहस्थ. त्यांनी १९९६ साली व्हॉल्व्ह ही कंपनी स्थापली, आणि तिचे स्टीम हे खेळांचे दुकान सर्वांत मोठे झाले. ते सारे दुकान विंडोजच्या अंगणात मांडलेले होते. २०१२ साली विंडोज ८ बरोबर मायक्रोसॉफ्ट स्वतःचेच दुकान अंगणात मांडणार असे दिसताच न्यूएल सावध झाले. विंडोज ८ हे संगणकाच्या धंद्यावरचे अरिष्ट आहे, असे त्यांनी जाहीरपणे सांगितले, आणि लिनक्सकडे एक दार करून ठेवायला घेतले. मालक अंगण झाडू लागला की भाडेकरूने दुसरी जागा पाहावी, हा शहाणपणा आपल्या चाळींतून कोणाला शिकवावा लागत नाही. १४ फेब्रुवारी २०१३ रोजी स्टीम लिनक्सवर आले. नोव्हेंबर २०१५ मध्ये लिनक्सवर चालणारी खास खेळयंत्रेही बाजारात आली, आणि पडली. कारण तेच, लोकीचे. यंत्र होते, खेळ थोडे.

आणि मग एका जर्मन तरुणाला एक खेळ खेळावासा वाटला. सारा इतिहास अशा क्षुल्लक इच्छांनी वळतो. फिलिप रेबोले याला ‘नीअर : ऑटोमाटा’ हा जपानी खेळ लिनक्सवर हवा होता, आणि वाइनवर तो नीट चालत नव्हता. आजवर वाइन डायरेक्टएक्सची चित्रभाषा ओपनजीएल नावाच्या जुन्या भाषेत उतरवत असे. दोहोंची घडण वेगळी, त्यामुळे अनुवाद अडखळता. २०१६ च्या फेब्रुवारीत व्हल्कन ही नवी चित्रभाषा आली होती. रेबोलेने २०१७ मध्ये सरळ तिच्यात अनुवाद करायला घेतला. या साधनाचे नाव डीएक्सव्हीके. खेळ चालला, एवढेच नव्हे तर धावला. २०१८ च्या आरंभीच व्हॉल्व्हने त्याला हे काम पगारी करायला दिले. आणि त्याच वर्षी २१ ऑगस्टला वाइन, डीएक्सव्हीके आणि आणखी काही जोडकामे एकत्र बांधून, कोडवीव्हर्सच्या साहाय्याने, ‘प्रोटॉन’ या नावाने ते स्टीममध्येच बसवून टाकले. आता खेळणाऱ्याने काही जुळवाजुळव करायची नाही. बटण दाबायचे.

डायरेक्टएक्सच्या बाराव्या आवृत्तीचा अनुवाद आणखी कठीण होता. तो वाइनमध्ये ज्याच्या हातून उभा राहिला तो योझेफ कुचा हा तरुण २०१९ च्या ऑगस्टमध्ये वारला. वय अवघे तीस. जानेवारी २०२० मध्ये निघालेली वाइनची ५.० ही आवृत्ती त्याच्या स्मृतीला अर्पण केलेली आहे. खेळाच्या बटणाखाली अशी एक अर्पणपत्रिका आहे हे कोणाला ठाऊक असते?

यानंतरची गोष्ट मला सर्वांत रोचक वाटते. दुभाष्या कितीही हुशार झाला तरी काही गोष्टी यजमानाच्या भाषेत नसतातच. मोठा खेळ म्हणजे एकाच वेळी चाललेली पुष्कळ कामे. एकाने दुसऱ्याची वाट पाहायची, दुसऱ्याने तिसऱ्याची. लग्नाच्या पंगतीतला वाढपी पाहा. साऱ्या ओळीवर त्याची नजर असते, कोणीही हात वर केला की तो तिकडे वळतो. विंडोजमध्ये ही सोय पूर्वीपासून होती. लिनक्सचा वाढपी मात्र एका वेळी एकाच पानाकडे पाहू शके. म्हणून वाइनला सर्व वाट पाहण्याची नोंद एका मध्यस्थ कारकुनाकडे करावी लागे, आणि त्या कारकुनापुढे रांग लागे. अखेर लिनक्सनेच आपली रीत बदलली. २०२२ च्या जानेवारीतल्या ५.१६ या आवृत्तीत अनेक पानांकडे एकदम पाहण्याची सोय आली. आणि २०२५ च्या मार्चमधल्या ६.१४ आवृत्तीत तर विंडोजच्या पद्धतीने वाट पाहणारा एक स्वतंत्र भागच दाखल झाला. तो कोडवीव्हर्सच्या एलिझाबेथ फिगुरा यांनी लिहिला. काही खेळ दुभाष्याला ओलांडून थेट कारभाऱ्याला हाक मारतात. त्यांची हाक मध्येच अडवून दुभाष्याकडे पाठवण्याची युक्ती २०२१ मध्येच झाली होती. पाहुण्यासाठी यजमानाने घराची भिंत पाडून दार काढावे, तसे हे झाले.

२८ फेब्रुवारी २०२२ रोजी व्हॉल्व्हने स्टीम डेक हे हातात धरायचे खेळयंत्र बाजारात आणले. आत लिनक्स, वर प्रोटॉन. सहा वर्षांपूर्वी पडलेला डाव या वेळी जिंकला, कारण आता खेळांचा तुटवडा नव्हता. ते हातात धरून बसलेल्या पुष्कळ मुलांना आपण लिनक्सवर खेळतो आहोत हे माहीतही नसते.

आमच्या शाळेपर्यंत हा इतिहास निराळ्या वाटेने आला. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची देखभाल थांबली. आमचे देणगीतले संगणक विंडोज ११ च्या अटींत बसेनात. ते भंगारात काढा असा सल्ला एका विक्रेत्याने दिला, वर नव्या यंत्रांचे दरपत्रकही दिले. एका माजी विद्यार्थ्याने सुट्टीत येऊन त्यांवर लिनक्स घातले. यंत्रे चालू लागली. मुलांचा पहिला प्रश्न, “सर, आता गेम चालणार का?” मी मॅट्रिकवर थांबलेला माणूस, मला काय ठाऊक! पण त्याने आपल्या लहानपणची, विंडोज ३.१ च्या काळातली एक सोळा-बिटी चकती-बदलाची सोंगटी लावून दाखवली, आणि ती चालली. गंमत अशी की तसले सोळा-बिटी खेळ आजच्या विंडोज ११ वर चालतच नाहीत. मूळ घराने ज्यांना बाहेर काढले, ते म्हातारे दुभाष्याच्या ओसरीवर सुखाने बसले आहेत. उलट लोकीने खास लिनक्ससाठी केलेले खेळ आजच्या लिनक्सवर चालवायचे तर मोठी यातायात पडते. त्याच खेळांच्या विंडोज प्रती पुष्कळदा कमी त्रासात चालतात!

सगळेच दार उघडलेले नाही. अनेकांनी मिळून जाळ्यावर खेळायच्या खेळांत लबाडी फार चालते, म्हणून त्यांबरोबर पहारेकरी येतो. काही पहारेकरी इतके खोलवर शिरतात की त्यांना थेट कारभाऱ्याच्या गाभाऱ्यात जागा लागते, आणि तो कारभारी विंडोजच हवा. ‘व्हॅलोरंट’ हा २०२० सालचा खेळ त्यामुळे लिनक्सवर आलाच नाही. ‘लीग ऑफ लेजेंड्स’ वर्षानुवर्षे वाइनवर खेळला जात होता, तो २०२४ मध्ये तोच पहारेकरी आल्यावर बंद पडला. त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर ‘एपेक्स लेजेंड्स’च्या चालकांनी लिनक्सवाल्यांना दार लावले, कारण लबाड मंडळी त्या वाटेने येतात असे त्यांचे म्हणणे. ते अगदीच खोटे नसावे. ज्या घराच्या चोपड्या सर्वांना खुल्या, तेथे चोरालाही त्या वाचता येतात. पण एका खेळासाठी घराच्या गाभाऱ्याची किल्ली परक्याच्या हाती द्यायची की नाही, हे मुलाच्या बापाला कोणी विचारलेले मला दिसत नाही.

आणि मायक्रोसॉफ्ट? २०२४ च्या ऑगस्टमध्ये तिने मोनो नावाचा आपल्याकडे आलेला एक जुना खुला प्रकल्प सांभाळण्यासाठी वाइनच्याच हवाली केला. एके काळी ज्याची खूण शोधली, त्याच्या घरी हे पोर दत्तक गेले.

वाइनची कामचलाऊ आवृत्ती सहसा दर पंधरवड्याला निघते. तिच्यासोबत दुरुस्त झालेल्या दोषांची यादी असते, आणि त्या यादीत या वर्षीच्या खेळाशेजारी दहा-पंधरा वर्षांपूर्वी कोणीतरी नोंदवून ठेवलेली एखाद्या विसरलेल्या खेळाची तक्रारही अधूनमधून निकालात निघालेली दिसते.